चष्मा उतरवण्याची घाई करू नका

पत्र :

‘सप्रेम नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला, वय ३२. मित्राच्या जोडीने काही वर्षांपासून अहिराणी विनोदी व्हिडिओ करतो. त्यांत मी “पाढ्या” नावाचे पात्र रंगवतो : जाड भिंगांचा चष्मा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा, खिशात चार पेने आणि मुलगी समोर आली की घाबरून सतराचा पाढा म्हणू लागणारा, हुशार पण लग्न न जमणारा पोरगा. हे पात्र खान्देशभर चालले. आता बाजारात जावे किंवा दवाखान्यात, “पाढा म्हन ना भो” एवढेच ऐकू येते. मागच्या लगीनसराईत एका हळदीच्या कार्यक्रमात मी एका मुलावर चिडलो, तर कोणी तरी त्याचे चित्रण करून ते गावभर पसरवले. मी दाढी वाढवली, जिमला जाऊन अंग कमावले, नवे फोटो टाकले. त्यांखालीही लोकांनी पाढेच लिहिले. सध्या दोन कामे समोर आहेत. एका ओळखीच्या माणसाच्या मारधाडीच्या लघुपटात मला गुंड करायचा आहे. दुसरे काम मराठी चित्रपटातले आहे. त्यात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवर शेतकऱ्यांना मापात फसवणारा कारकून करायचा आहे, पण दिग्दर्शकाला तो चष्मा लावणारा आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावणाराच हवा आहे. म्हणजे पुन्हा तेच. जोडीदार म्हणतो, पाढ्या बंद केलास तर आपण दोघेही उपाशी राहू. आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. पाढ्याच्या लकबी मी माझ्या वडिलांकडून उचलल्या आहेत. ते गणिताचे शिक्षक होते. त्यांनी यावर कधी चकार शब्द काढलेला नाही. मी काय करावे?’

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो, कारण चित्रपटाचा दिग्दर्शक तुमच्या होकारासाठी फार काळ थांबेल असे वाटत नाही. जिनिंगवरच्या कारकुनाची भूमिका स्वीकारा आणि गुंडाला नम्रपणे नकार द्या. पाढ्या बंद करू नका, मात्र त्याचे भाग कमी करा. वडिलांशी बोलणे चित्रीकरणाच्या आधी उरका. ते पुढे ढकलण्याजोगे नाही.

तुमच्या पत्रातला ‘म्हणजे पुन्हा तेच’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. इतकी वर्षे तुम्ही प्रेक्षकांच्या मनात एक गोष्ट पक्की केली आहे : हा चष्मा, या गुंड्या आणि ही खाली गेलेली नजर असलेला माणूस कोणाचेही वाईट करू शकत नाही. हा विश्वास तुमच्या नावावर जमा असलेली पुंजी आहे, आणि तुम्ही मात्र तिला कर्ज समजून फेडायला निघाला आहात. दाढी वाढवलेल्या आणि दंड फुगवलेल्या तुमच्याकडे पाहून कोणी घाबरणार नाही. त्या दाढीआड पाढ्या कुठे दिसतो हेच प्रेक्षक शोधत बसतील, आणि तुमच्या फोटोंखाली त्यांनी नेमके तेच केले. याउलट ज्या चेहऱ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला, तोच चेहरा चष्म्याच्या काचा पुसत पुसत एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईतून मूठभर काढून घेतो, हे पाहताना जी अस्वस्थता दाटते ती कोणत्याही अनोळखी खलनायकाला निर्माण करता येणार नाही. म्हणून तुम्हाला चष्मा लावायला सांगणारा हा दिग्दर्शक मला चांगलाच जाणकार दिसतो.

या बाबतीत अमोल पालेकरांचे उदाहरण तुम्ही नीट अभ्यासावे असे मला वाटते. सत्तरच्या दशकात ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ या चित्रपटांमुळे साधा, सरळ, मुलीशी धड बोलताही न येणारा मध्यमवर्गीय तरुण म्हणजे पालेकर असे समीकरण झाले होते. ‘छोटी सी बात’मधला नायक तर इतका भिडस्त आहे की प्रेम व्यक्त करण्याचे शिक्षण घेण्यासाठी त्याला खंडाळ्याला एका निवृत्त कर्नलकडे जावे लागते, तुमचा पाढ्या त्याचाच दूरचा खान्देशी नातलग म्हणावा लागेल. ही प्रतिमा ऐन भरात असताना, १९७७ मध्ये, त्यांनी श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त केशव दळवी केला. हा केशव पत्नीच्या कमाईवर जगतो, तिला कामाला जुंपतो आणि वर तिच्यावर संशयही घेतो. तो धिप्पाड नाही, तलवार काढून उभा राहत नाही. पडद्यावर दिसतो तो आपल्याला ओळखीचा वाटणारा मध्यमवर्गीय माणूसच, फक्त त्याला हवे असलेले काही तरी निराळे आहे. ज्या मवाळपणावर प्रेक्षक भाळले होते, त्या मवाळपणाच्या पोटात स्वार्थही असू शकतो हे पालेकरांनी दाखवले, आणि त्यासाठी स्वतःचा चेहरा बदलण्याची गरज त्यांना भासली नाही. (त्या चित्रपटातल्या उषेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचे घराणे शिरपूरचे, त्यामुळे आपल्याकडे ‘भूमिका’ची आठवण निघाली की पालेकरांचे काम बाजूलाच राहते, यात थोडा अन्याय होतो.) पुढे १९७९ च्या ‘गोलमाल’मध्ये त्यांनी याच सज्जन प्रतिमेचा विनोदासाठी उपयोग केला : मिशी लावणारा गुणी रामप्रसाद आणि मिशी नसलेला उडाणटप्पू लक्ष्मणप्रसाद ही एकाच माणसाची दोन सोंगे, आणि त्यांतली गंमत मुळात प्रेक्षकांनी पालेकरांना सज्जन मानले होते म्हणूनच उभी राहते. १९८१ च्या ‘आक्रीत’मध्ये तर त्यांनी स्वतः दिग्दर्शन करून एक भयंकर माणूस उभा केला. यांपैकी कोणत्याही वेळी त्यांनी आधीची प्रतिमा मोडीत काढली नाही. ती पायाखाली धरून ते पुढच्या पायरीवर चढले.

दुसरे उदाहरण लक्ष्मीकांत बेर्डे यांचे, आणि ते तुम्हाला थोडे सावध करण्यासाठी देतो. ‘लक्ष्या’ हे नाव महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात पोहोचलेले असताना, १९९२ मध्ये, त्यांनी जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ केला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गाणी पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांची, आणि विषय तर तुमच्या मनातलाच : तमाशात वाढलेला, लोकांना हसवता हसवता मोठा झालेला आणि आतून रिता होत गेलेला एक कलावंत. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेर्डे यांनी त्यात किती वरच्या दर्जाचे काम केले आहे हे आज कोणीही मान्य करील, पण त्यांचे विनोदी चित्रपट ज्या गर्दीत चालत तशी गर्दी त्याला लाभली नाही आणि पुढेही लोकांसाठी ते लक्ष्याच राहिले. माझ्या मते त्यात नटाची काहीच चूक नव्हती. लक्ष्याचे नाव वाचून हसायला आलेल्या माणसाला तीन तास अंतर्मुख होण्याची पूर्वकल्पना नसेल, तर तो स्वतःला फसवले गेले असे समजतो. म्हणून दिग्दर्शकाशी आणि निर्मात्याशी बोलताना एक मुद्दा आताच काढा : तुमचा चित्रपट लोकांसमोर कसा मांडला जाणार आहे? जाहिरातीच्या झलकीत तुमचे दोन गमतीदार क्षण टाकून ‘आपला पाढ्या आता मोठ्या पडद्यावर’ अशी हाळी घालण्याचा मोह त्यांना होणारच, कारण तुमच्यामुळे धुळे-जळगावात तिकिटे खपतील हा हिशेब त्यांनीही केला असेल. तसे झाले तर तुमचे सगळे काम पाण्यात जाईल. पहिल्या झलकीतच त्या कारकुनाचा हात काट्यावर दिसला पाहिजे, हा आग्रह धरा. त्यासाठी थोडे कमी मानधन घ्यावे लागले तरी हरकत नाही.

गुंडाच्या भूमिकेबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित कठोर वाटेल. प्रतिमेच्या नेमके उलट टोक गाठले की प्रतिमा तुटते, ही समजूत नटांमध्ये फार रुजलेली आहे. प्रत्यक्षात भित्र्याच्या जागी दांडगा आणून ठेवल्याने एका ठोकळ्याच्या जागी दुसरा ठोकळा येतो, एवढेच. निळू फुले यांची वाटचाल पाहा. लोकनाट्यातल्या विनोदी कामाने, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने, त्यांचे नाव झाले, १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णाने त्यांना पडद्यावरचा दुष्ट माणूस करून टाकले, आणि मग ती दुसरी प्रतिमा त्यांना इतकी चिकटली की पाटील, सरपंच, कारखानदार असे बेरकी लोक त्यांनी वर्षानुवर्षे केले. तिच्यातून त्यांना थोडा मोकळा श्वास मिळाला तो १९७९ च्या ‘सिंहासन’मधल्या दिगू टिपणीस या पत्रकारामुळे, जो सत्तेचा खेळ जवळून पाहत राहतो आणि शेवटी ते पाहणेच त्याला असह्य होते. म्हणजे सुटका झाली ती उलट टोकाने झाली नाही, गुंतागुंतीच्या माणसाने झाली. तुम्हाला जो गुंड देऊ केला आहे त्याला नाव, गाव, घर, भीती, लोभ असे काही आहे का, हे संहितेत तपासून पाहा. पत्रात तुम्ही कारकुनाबद्दल बरेच लिहिले आहे आणि गुंडाबद्दल ‘मला गुंड करायचा आहे’ यापलीकडे एक शब्दही नाही. यातच बरेच काही आले.

‘मी आता विनोद सोडला’ अशी घोषणा मात्र कुठेही करू नका. अशोक सराफ यांनी ती कधी केली नाही. १९९४ च्या ‘वजीर’सारख्या चित्रपटात ते राजकारणातला बेरकी माणूस करत होते, ‘भस्म’ करत होते, आणि त्याच काळात प्रेक्षकांना पोट धरून हसवतही होते. आपला हा नट काहीही करू शकतो हे लोकांना कळायला वेळ लागला, पण ते कळले ते कामातून. घोषणा केली की प्रेक्षक परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि विनोदी नटाकडे अशा नजरेने पाहू लागलेला प्रेक्षक सहसा उदार नसतो. तुमचे दाढीचे फोटो ही एक घोषणाच होती, म्हणून लोकांनी तिला पाढ्यांनी उत्तर दिले. ते फोटो काढून टाकण्याची गरज नाही. फक्त त्यांत भर घालू नका.

तुमच्याच दुखण्याचे परदेशातले उदाहरण हवे असेल, तर मायकेल सेरा या कॅनेडियन नटाचे पाहा. २००७ मध्ये ‘सुपरबॅड’ आणि ‘जूनो’ हे त्याचे दोन चित्रपट पाठोपाठ आले आणि अडखळत बोलणारा, अवघडलेला, सभ्य पोरगा अशी त्याची जगभर ओळख झाली. २०१३ मध्ये त्याने ‘दिस इज द एन्ड’ या चित्रपटात स्वतःच्याच नावाने एक उद्धट, नशेत वाहवत गेलेला, सगळ्यांना नकोसा होणारा माणूस करून त्या ओळखीची चेष्टा केली. ती चेष्टा गाजली, पण अशी चेष्टा एकदाच करता येते. त्याने पुढे जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते : तो रंगभूमीवर गेला. केनेथ लॉनर्गन यांच्या ‘दिस इज अवर यूथ’ या नाटकात २०१४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उभा राहिला, आणि २०१८ मध्ये याच नाटककाराच्या ‘लॉबी हीरो’साठी त्याला टोनी या नाट्यपुरस्काराचे नामांकन मिळाले. कॅमेऱ्यासमोर नटाचा एक तुकडा दिसतो आणि पुष्कळदा तो ओळखीचाच तुकडा निवडला जातो. नाटकात मात्र दोन तास तुमचा संपूर्ण माणूस लोकांसमोर असतो, आणि ओळखीच्या लकबींवर तेवढा वेळ काढता येत नाही.

आपल्याकडे ही सोय अगदी हाताशी आहे. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र जळगावला असते आणि तिची प्राथमिक फेरी सहसा दिवाळीनंतर होते. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ या युवक महोत्सवातून बाहेर पडलेली, चांगली संहिता घेऊन नट शोधत फिरणारी मुले तुम्हाला चोपडा, शहादा, धुळे, कुठेही भेटतील. त्यांपैकी एखाद्या संचात जा आणि दुय्यम भूमिका मागा, नायकाची नको. तालमीत पाढ्याचे कौतुक फार तर दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक तुमच्यावर इतरांसारखाच ओरडतो, आणि तुम्हाला सध्या त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे. शिवाय जुन्या तमाशाकडेही एकदा या दृष्टीने पाहा. गण-गवळण आटोपून बतावणीत जो सोंगाड्या लोकांना लोळवतो, तोच पुढे वगात निराळे पात्र होऊन उभा राहतो, आणि कनातीत बसलेल्या माणसाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. एका माणसाला एकच सोंग ही अट आपल्या गावाकडच्या प्रेक्षकाने मुळात कधी घातलेलीच नव्हती. ती मोबाइलच्या छोट्या चौकटीने आणि रोज तेच दाखवण्याच्या सवयीने आली.

आता प्रत्यक्ष भूमिकेविषयी. पाढ्या तुमच्या चष्म्यात असतो असे तुम्ही समजता, पण तुमचे वर्णन वाचून मला तो तुमच्या थांबण्यात दिसतो. कोणी प्रश्न विचारला की पाढ्या अर्धा क्षण उशिरा उत्तर देतो, त्या अर्ध्या क्षणात नजर चुकवतो, हातांचे काय करावे हे त्याला कळत नाही, आणि नेमक्या त्याच फटीत हशा पिकतो. हीच फट तुम्ही कारकुनाच्या तोंडी ठेवलीत, तर कितीही गंभीर संवाद असो, लोक तिथे हसतील आणि दोष चष्म्यावर जाईल. म्हणून संहिता हाती आली की एखाद्या अशा माणसासमोर ती मोठ्याने वाचा ज्याने तुमचे सगळे व्हिडिओ पाहिले आहेत. तुमचा जोडीदारच उत्तम. ज्या ज्या ठिकाणी त्याला पाढ्याची लय ऐकू येईल तिथे त्याने पेन्सिलीने खूण करावी. मग त्या प्रत्येक जागी निर्णय घ्या. माझी सूचना अशी की या कारकुनाने समोरच्याचा प्रश्न पुरता होण्याआधीच शांतपणे उत्तर द्यावे. आवाज तोच मऊ असू द्या, मान तशीच किंचित झुकलेली असू द्या, पण हात मात्र काट्यावर, वहीवर आणि नोटांवर अगदी सराईतपणे फिरले पाहिजेत. हातांचे काय करावे हे न कळणारा माणूस आणि हातांचे काय करावे हे नको तितके कळणारा माणूस, एवढा फरक प्रेक्षकाला न सांगता जाणवेल.

या कामात जिनिंगचा व्यवहार नीट समजून घेणे फार उपयोगी पडेल. भरलेली गाडी काट्यावर मोजतात, कापूस खाली झाल्यावर रिकामी गाडी मोजतात, आणि दोन्हींतला फरक शेतकऱ्याच्या नावे लिहितात. इथपर्यंत सगळे उघड्यावर होते. खरी फट ओलाव्यात आहे. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापतात आणि त्याहून ओला कापूस घेत नाहीत. तुमच्या गोष्टीतली जिनिंग खासगी असली तरी ओलाव्याच्या नावाने घट धरणे तिथेही शक्य आहे. यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याच्या बाजूला वळवलेला नसेल, तर ८ चे ११ म्हणून सांगायला किती वेळ लागतो? २० क्विंटलांच्या गाडीवर ३ टक्के घट म्हणजे ६० किलो कापूस, आणि हे गणित तोंडी, क्षणात, चेहरा न बदलता करणारा माणूस तुम्ही करणार आहात. दिग्दर्शक तयार असेल तर एकाच प्रसंगात, फक्त एकदाच, कारकून हिशेब करताना पुटपुटतो असे ठेवा : ‘सतरा त्रिक एक्कावन्न.’ चित्रपटगृहात हमखास हशा होईल. तो काय मोजतो आहे हे लोकांच्या ध्यानात आले की हशा तिथेच अडकेल, आणि त्यापुढच्या तुमच्या कोणत्याही दृश्यात कोणी हसणार नाही. दिग्दर्शकाला हे नको असेल तर मात्र हट्ट धरू नका. एखाद्या युक्तीवाचूनही ही भूमिका उभी राहू शकते.

भाषेचाही विचार करून ठेवा. अहिराणी ऐकली की हसायचे, अशी सवय तुम्ही व्हिडिओवाल्यांनीच प्रेक्षकांना लावली आहे, आणि मला ती खटकते. आसोद्याच्या बहिणाबाईंनी लेवा गणबोलीत मरणावर, माहेरावर, मनावर जे लिहिले ते हसण्यासाठी लिहिले नव्हते. खान्देशातल्या बोलींना दुःखाचे वावडे नाही. तुमचा कारकून मालकाशी साफ प्रमाण मराठी बोलेल आणि गाडीवाल्याशी अहिराणी, तीही आपुलकीची. फसवताना तो अहिराणीतच बोलला पाहिजे. आपल्या बोलीत गोड बोलणारा माणूस आपल्याला लुबाडतो आहे, हे शेतकऱ्याला उमगण्याचा प्रसंग संहितेत नसेल, तर तो असावा असे दिग्दर्शकाला सुचवून पाहा.

जोडीदाराचे म्हणणे स्वार्थी समजू नका. त्याचे पोट खरोखरच पाढ्यावर आहे. त्याला आठवड्याचा भाग न देता महिन्याला एक किंवा दोन भाग देण्याचे ठरवा आणि त्या भागांमध्ये पाढ्याला थोडे मोठे होऊ द्या. एका भागात पाढ्याला खोटे बोलू द्या. साधेच, पण जाणूनबुजून, स्वतःच्या फायद्यासाठी. लोक ते कसे घेतात हे पाहिले की कारकुनासाठी तुम्हाला किती अंतर चालायचे आहे याचा अंदाज घरबसल्या येईल. त्याच वेळी, मैत्री चांगली आहे तोवरच, एक लेखी करार करा : चॅनल कोणाच्या नावे आहे, पाढ्या हे पात्र उद्या दुसऱ्या कोणी केले तर चालेल का, जुन्या व्हिडिओंच्या उत्पन्नाची वाटणी कशी होईल. वकिलाला दाखवूनच सही करा. अशा कागदाने मैत्री बिघडते असे लोक म्हणतात. माझ्या पाहण्यात ती बहुधा कागद नसल्यामुळे बिघडली आहे.

बाजारात किंवा दवाखान्यात कोणी पाढा मागितला तर म्हणा. सतरा दाहे सत्तरशे, म्हणजे एकशे सत्तर, यायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्या माणसाने तुम्हाला घरातला समजून हाक मारलेली असते. हळदीतला तो मुलगा ओळखीतला असेल तर त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन या; त्याचा व्हिडिओ मात्र काढू नका. पैसे घेऊन केलेल्या सुपारीच्या कार्यक्रमांचा प्रश्न वेगळा. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत पाढ्याच्या वेशातली कोणतीही सुपारी घेऊ नका, मग ती ऐन लगीनसराईतली का असेना. हा तोटा आधीच हिशेबात धरा.

राहिला वडिलांचा विषय, आणि पत्रात तुम्ही तो शेवटी लिहिला असला तरी माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड भाग हाच आहे. वर्गात अनेक पिढ्यांना गणित शिकवलेला माणूस आपली मान झुकवण्याची, चष्मा सावरण्याची, पेन चाचपण्याची सवय मुलाच्या अंगावर पाहतो, सारा गाव तिला हसतो, आणि तो काहीच बोलत नाही. हे न बोलणे कौतुकाचे आहे की दुखावल्याचे, हे मला इथून सांगता येणार नाही आणि तुम्हालाही अंदाजाने ठरवता येणार नाही. आतापर्यंत निदान पाढ्या प्रामाणिक होता. आता त्याच लकबी तुम्ही एका चोराला देणार आहात, आणि ज्यांनी त्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले आहे अशी माणसे अमळनेरच्या चित्रपटगृहात बसलेली असतील. म्हणून त्यांच्याजवळ बसा, भूमिका काय आहे ते सांगा, लकबी कुठून आल्या हेही सांगा, आणि मग थांबून ऐका. ‘बाबा, तुमची हरकत नाही ना?’ असे विचारू नका; त्या प्रश्नाला वडील नेहमी ‘नाही’ असेच उत्तर देतात. त्याऐवजी, यांतली कोणती गोष्ट पाहताना बरे वाटत नाही, असे विचारा. जी ते सांगतील ती कारकुनातून काढाच, आणि शक्य तर पाढ्यातूनही.

तशी काढावी लागली तर कारकुनाच्या अंगावर काही जागा रिकाम्या राहतील, आणि त्या भरण्यासाठी तुम्हाला दुसरीकडे पाहावे लागेल. ते तुमच्या पथ्यावरच पडेल, कारण पाढ्या आणि कारकून या दोघांचा उगम एकाच माणसात असेपर्यंत प्रेक्षक त्यांना भाऊच समजणार. कापसाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. चित्रीकरण त्यानंतर असेल तर धरणगाव किंवा चोपड्याकडच्या एखाद्या जिनिंगवर, मालकाची रीतसर परवानगी घेऊन, काही दिवस काट्याजवळ बसून या : कारकून गाडीवाल्याला नावाने हाक मारतो की गाडीच्या नंबराने, पावती देताना वर पाहतो का, दुपारचा डबा कुठे बसून खातो, घाई असली की त्याचे अक्षर कसे होते. चित्रीकरण हंगामाच्या आधी असेल तर ते थोडे पुढे ढकलता येईल का, हे होकार कळवतानाच दिग्दर्शकाला विचारा. मात्र जिनिंगवर जाताना चष्मा खिशात ठेवा, नाही तर काटा बाजूला राहील आणि तिथले हमालसुद्धा तुम्हाला पाढा म्हणायला लावतील.